मागची शाळा

दार उघडणाऱ्या बाईनं पॉलीनकडे पाहिलं, चष्मा कपाळावर सरकवला, पुन्हा पाहिलं आणि म्हणाली, "थेरेसा."

विचारल्यासारखं नव्हे, रोजच्या माणसाला हाक मारावी तसं. पॉलीन दादरच्या पारशी कॉलनीत पडद्यांची मापं घ्यायला आली होती. हिंदू कॉलनीतल्या शांताबाईंनी पत्ता दिला होता आणि बाई एकट्या असतात, काम मोठं आहे, नीट कर, असं बजावलंही होतं. गळ्यात मापाची टेप, हातात कापडाच्या नमुन्यांची पिशवी, अशी ती पहिल्या मजल्यावरच्या त्या दारात उभी होती, आणि समोरची उंच, गोरी, पांढऱ्या केसांची बाई तिला तिच्या मेलेल्या बहिणीच्या नावानं हाक मारत होती. नाही बाई, मी पॉलीन, एवढंच म्हणायचं होतं. पण तेवढ्यात बाईनं तिचं मनगट धरून तिला आत ओढलं, खुर्चीवर बसवलं आणि स्वतः समोर उभी राहून हसत, डोळे पुसत म्हणाली, "मला ओळखला नाय? खोर्शेद. वरच्या माळ्यावरची आजारी खोली. तू चादरी न्यायला यायचा."

ते नाव पॉलीननं परक्या तोंडून चाळीस वर्षांत ऐकलं नव्हतं. घरातही ते कुणी उच्चारत नसे. आय म्हणायची धाकटी, नाहीतर नुसतंच ती. मृतांच्या दिवशी देवळात नावं द्यायची असली की आय पाद्रीच्या कानाशी जाऊन पुटपुटायची, मागच्या बाईलाही ऐकू जाऊ नये अशी. आणि इथं ही बाई भट्टीतून नुकत्याच काढलेल्या पावासारखं ते नाव गरमागरम हातात ठेवत होती. थेरेसा, चहा घेशील ने? थेरेसा, लगन झाला? पोरं किती? पॉलीन मान हलवत होती, हो म्हणत होती, दोन म्हणत होती. जिथं थेरेसा अजून जिवंत होती, पन्नाशीला आलेली, पडदे शिवून घर चालवणारी बाई होती, असं जगात हे एवढं एकच घर होतं. तिथं तिला मारायला पॉलीनची जीभ उचलली नाही.

चहा आला. पुदिना आणि गवती चहा घातलेला. खोर्शेद समोर बसली आणि म्हणाली, आपण दोघी एका शाळेतल्या. त्या शब्दांशी पॉलीन अडखळली. एका शाळेतल्या. असं कधी कुणी म्हटलंच नव्हतं. पुढची शाळा आणि मागची शाळा असंच सगळे म्हणत. शाळा चालवणाऱ्या जोगिणींच्या मुख्य मदरसुद्धा तसंच म्हणायच्या. पुढच्या शाळेचं फाटक मोठ्या रस्त्यावर, दोन्ही बाजूंना ताडाची झाडं, आत गाड्या वळायला गोल वाट. मागच्या शाळेचं दार गल्लीत, धोबीखान्याला लागून, तिथं सदा साबणाचं पाणी वाहायचं. पुढे साहेबांच्या मुली, अँग्लो-इंडियन मुली आणि खास परवानगीनं घेतलेल्या बड्या पारशांच्या दोन-चार. मागे नेटिव्ह ख्रिश्चन: गिरगावातल्या वाड्यांमधल्या, गोव्याच्या आचाऱ्यांच्या, मद्रासकडून आलेल्या आयांच्या पोरी. हिंदूंच्या पोरी मागच्या शाळेतही नव्हत्या. मासळी घेऊन येणाऱ्या कोळिणीची गुणवंती स्वयंपाकघराच्या पायरीपर्यंत यायची, तिथून पुढं नाही. पुढच्यांना पियानो आणि फ्रेंच. मागच्यांना प्रार्थना, बेरीज-वजाबाकी आणि शिवण. पुढच्या मुलींच्या झग्यांना मागच्या मुली टीप घालत, आणि ते झगे लांडे झाले की मागच्याच मुलींना ते धर्मादाय म्हणून वाटले जात; आपणच घातलेली टीप उसवून ते आपल्या मापाचे करायचे. देऊळ मात्र एकच होतं. मधल्या बाकांवर पुढची शाळा, खांबांच्या मागं चटईवर मागची. पाद्री वेदीकडे तोंड करून लॅटिन म्हणायचा, त्याची पाठ दोन्ही शाळांना सारखीच दिसायची. लहानपणी पॉलीनला तेवढी एकच गोष्ट सारखी वाटायची, आणि तीही खांबामुळं अर्धीच दिसायची. यात काही वावगं आहे असं तेव्हा कुणालाच वाटलं नाही. पाय खाली आणि डोकं वर असतं, तसं ते होतं. म्हणून ती म्हणाली, "ती तुमची शाळा, बाई. आमची मागची."

खोर्शेद हसली नाही. माझी तरी कुठं होती, म्हणाली. तिची आई लहानपणीच गेलेली, वडील एडनला धंद्यात, म्हणून तिला तिथं ठेवलेलं. जेवायला पारशी मुलींचं टेबल वेगळं, दाराजवळ. आगीची पूजा करणाऱ्या म्हणून मुली काड्यापेटीची काडी ओढून तिच्या तोंडासमोर धरायच्या आणि म्हणायच्या, घे, प्रार्थना कर. रात्री निजायच्या खोलीत तिच्या शेजारचा पलंग रिकामा ठेवायचा असा त्यांचा त्यांनीच नियम केला होता. मग त्या हिवाळ्यात तिला घटसर्प झाला. लढाईचे दिवस, औषधाची बोंब. तिला वरच्या माळ्यावरच्या आजारी खोलीत ठेवलं, मागच्या जिन्याच्या वर. मुली म्हणाल्या, हा रोग हिनंच नेटिव्ह नातेवाइकांकडून आणला. सिस्टर दारातून विचारपूस करून जायची. आया आत यायला तयार होईनात, ताट उंबऱ्याबाहेर ठेवून पळायच्या. "आणि मग तू आला," खोर्शेद म्हणाली. "मागच्या शाळेचा एवढासा पोरगी. मदरनं तुला चादरी आणि भांडी न्यायला पाठवला. सगळे नाकाला रुमाल लावून दारात उभे राहायचे. तू सरळ आत आला, पलंगावर बसला, माझ्या गळ्याला हात लावून म्हणाला, आग होते काय?"

पॉलीननं कप खाली ठेवला. खिडकीतून समोरच्या बागेतली पोरं ओरडत होती, कुणीतरी बाद झालं होतं. खोर्शेद बोलतच होती. डॉक्टर इंजेक्शन घेऊन येईपर्यंत रोज तू यायचा. चादरी गोळा करायला एवढा वेळ का लागतो म्हणून खालून सिस्टर ओरडायची. माझ्या तोंडाला पाणी तू लावलं. माझा पेला तूच धरायचा, मी टाकलेला घोट कधी कधी तूच प्यायचा, मला हसवायला. मी बरी झाले, बाबा आले, मला काढून कराचीला मावशीकडे नेलं. जाताना मी मदरला विचारलं, ती मुलगी कुठं हाय? मदर म्हणाली, ती घरी गेली.

पॉलीन उठली. मापं घेते, म्हणाली. स्टुलावर चढून तिनं टेप पडद्याच्या दांडीला लावली आणि आकडा वाचला, आणि खाली उतरेपर्यंत तो विसरली. पुन्हा चढली. खोर्शेद खालून टेपचं टोक धरून उभी होती, लहान मुलीसारखी मान वर करून. तिच्या गळ्यावर सुरकुत्या होत्या, सोन्याची बारीक साखळी होती, आत काहीतरी बोलताना वरखाली होत होतं. घटसर्पातून तो गळा पुन्हा उघडला होता. पॉलीनला वाटलं, एक वाक्य. इथून, या स्टुलावरून, एक वाक्य खाली टाकलं तर ही बाई पुन्हा कधी नीट चहा पिणार नाही. ते वाक्य जिभेवर आलंही होतं. तिनं दातांत धरलेल्या टाचण्या सावरल्या आणि पुढची खिडकी मापायला घेतली.

ती बसनं गेली नाही. परळपर्यंत आणि तिथून लालबागला चालतच आली. गिरण्यांच्या भिंतींच्या कडेनं चालताना एरवी आतल्या यंत्रांची थरथर पायाला कळायची. संप सुरू होऊन दुसरं वर्ष सरत आलं होतं आणि भिंती नुसत्या भिंती झाल्या होत्या. तिच्या डोळ्यांपुढं मात्र एक आठवडा उलगडत होता, जो तिनं इतकी वर्षं घडी करून ठेवला होता. थेरेसा त्या दिवसांत खुशीत होती. हेच पॉलीनला कधी कळलं नव्हतं. मरण्याआधीच्या दिवसांत ती उशिरा घरी यायची, अंगाला फिनेलचा वास, आणि स्वतःशीच काहीतरी गुणगुणायची. पॉलीन अकरा वर्षांची, धाकटी नऊची. पॉलीनला वाटायचं, हिनं काहीतरी चोरलंय. रिबन, नाहीतर चॉकलेट. एका संध्याकाळी तिनं थेरेसाचं दप्तर उलटं केलं होतं, फ्रॉकचे खिसे चाचपले होते. काही सापडलं नाही. थेरेसा नुसती हसत उभी होती, ओठ घट्ट मिटून. तिच्याजवळ काहीतरी होतं खरं. एक मैत्रीण होती, पुढच्या शाळेतली, पलंगावर झोपणारी, जिला फक्त तीच हात लावू शकत होती. घरी सांगू नको, असं मदरनं बजावलं असेल. किंवा कुणी बजावलं नसेल. सांगितलं तर कमी होईल म्हणून तिनंच झाकून ठेवलं असेल.

आणि मग ती आजारी पडली, आणि मदर स्वतः गिरगावात आल्या. वाडीत कधी न आलेल्या, पांढऱ्या झग्याचा घोळ हातात धरून, सगळ्या घरांची दारं उघडी पडली बघायला. त्या दारातच उभ्या राहिल्या. आयला म्हणाल्या, हा रोग घाणीतून येतो, तुमच्या घरातून आलाय. आय तेव्हा मसाले कुटायची. गिरगाव ते माझगाव, वर्षभर बाटल्यांत भरून ठेवायचा बाटली मसाला कुटायला तिला बोलावणी यायची, आणि उन्हाळ्यात घराच्या पडवीत मिरच्या पसरलेल्या असायच्या. मदरनी दाराजवळच्या उखळाकडे बोट दाखवलं. हा तिखटाचा धुरळा पोरांच्या नाकातोंडात जातो, घसे सडतात, मग रोगाला वाट मिळते. आमच्या शाळेत इतक्या मुली आहेत, आम्हांला त्यांचा विचार करायला हवा. इंजेक्शनचं आयनं विचारलं तेव्हा म्हणाल्या, ते आता कुठं मिळणार. दुसऱ्या दिवशी म्युनिसिपालिटीची माणसं आली, घरात गंधक जाळला, अंथरुणं बाहेर काढून पेटवली. थेरेसाला पालखीत घालावं तसं चादरीत घालून चौघांनी आर्थर रोडच्या साथीच्या इस्पितळात नेलं, आणि तिथून आय एकटीच परत आली. पॉलीनचं नाव शाळेतून कमी झालं. आयनं पुन्हा उखळाला हात लावला नाही. मसाल्याला बोलवायला आलेल्या बायकांना ती दारातूनच नाही म्हणायची, आणि मग शिवणावर, भांड्यांवर, मिळेल त्यावर तिनं पॉलीनला वाढवलं. घरात मिरची फोडणीला टाकली की अजूनही ती उठून बाहेर जाऊन बसते. पॉलीन हे सगळं पाहत मोठी झाली आणि तिनंही ते खरं मानलं. रोग आपल्या घरातून गेला. शाळेनं दया केली, आपण घाण नेली. तिच्या लग्नानंतर लालबागच्या चाळीत पोरांना खोकला झाला तरी ती आधी भिंती पुसायची.

तिचा नवरा आग्नेलो घरात होता. तो गिरणीत फिटर. संपाआधी हाताला कधी काम कमी पडलं नाही असा माणूस. आता दुरुस्त करायला काही नाही म्हणून तो दर दोन दिवसांनी तिचं शिवणाचं मशीन उघडून तेल घालायचा, इतकं की पांढऱ्या कापडावर डाग पडायचे आणि ती काही बोलायची नाही. ती बोलायला लागली तेव्हा तो मशीनचं चाक हातानं फिरवत होता. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाला, तोंडावर सांगायला हवं होतंस. मग स्वतःच म्हणाला, पण कुणाच्या तोंडावर? ती बाई तर पोर होती. "आमचा मालक तरी दिसतो का आम्हांला? गेटावर बसायचं, आणि गेटाकडे बघून भांडायचं." त्यानं विचारलं, मायला सांगणार? पॉलीनला ते ठाऊक नव्हतं. तिनं कात्री घेतली, खोर्शेदचं फिकं निळं कापड जमिनीवर पसरलं आणि बराच वेळ त्यावर नुसता हात फिरवत बसली.

सांगावं म्हणून ती रविवारी गिरगावात गेली, आणि वाडीच्या तोंडाशी येईपर्यंत सांगू नये असं तिनं ठरवलं होतं. आय सत्तरी ओलांडलेली, दारात स्टुलावर बसून मटार सोलत होती. तिचे हात बघितले आणि पॉलीनचं ठरवलेलं मोडलं. ती तिच्या पायाशी पायरीवर बसली आणि सांगत गेली. आजारी खोली, चादरी, पेला, मागचा जिना. तो रोग तिकडून आला, आय. तुझ्याकडून नाही. मिरचीचं काही नव्हतं. हे बोलताना पॉलीनला वाटत होतं की आता आय रडेल, आणि मग हलकी होईल. इतक्या वर्षांचं ओझं एका दमात उतरवून ठेवायला आपण आलो आहोत, असं काहीतरी मोठं तिला वाटत होतं. आय रडली नाही. तिनं मटाराच्या शेंगा सोलायच्या थांबवल्या, एवढंच. समोरच्या घराच्या लाकडी जिन्यावर मांजर उतरत होतं, ते पुरतं उतरेपर्यंत तिकडे बघत राहिली.

"दर उपासाच्या दिवसांत मी पाप सांगायला कुमसारला जाते," ती म्हणाली. "पाद्रीच्या जाळीला तोंड लावून सांगते, मी माजी पोर मारली. किती पाद्री आले नि गेले. सगळ्यांनी माफी दिली गो. एकानं पन म्हटलं नाय, बाई, तुजी चूक नाय."

पॉलीनला एकदम दिसलं की आपण ओझं उतरवलेलं नाही. जे आयचं होतं, आयनं रोज सांभाळलेलं, घासूनपुसून ठेवलेलं, ते आपण काढून घेतलं आहे, आणि त्या जागी द्यायला आपल्याकडे काही नाही. पाप तिचं होतं तोवर पोरगीही तिची होती. आता पोरगी त्या जिन्यावर, त्या खोलीत, आयला कधी न दिसलेल्या पलंगावर जाऊन बसली होती. आयनं मटाराचं ताट बाजूला ठेवलं. ती पोरगी, पारशीण, जगली ना, असं तिनं विचारलं. जगली, पॉलीन म्हणाली. बरी आहे ना? बरी आहे. एकटी असते. आयनं मान हलवली. मग म्हणाली, पडदे द्यायला जाशील तवा मला ने.

पॉलीननं नाना कारणं काढली. जिना चढवणार नाही, बाई पॉलीनला थेरेसाच समजते, घोळ होईल, त्यात काय मिळणार. आयनं सगळं ऐकून घेतलं आणि ऐकलं नाही. पडदे शिवून झाले त्या दिवशी तिनं देवळात जायचं लुगडं नेसलं, कानांत जुने कुडे घातले, आणि दादरला टॅक्सीतून उतरताना पॉलीनचा हात बाजूला सारला. खोर्शेदनं दार उघडलं तेव्हा तिला आधी आनंदच झाला. थेरेसाचा माय, ती म्हणाली, आणि वाकून तिनं म्हातारीचे दोन्ही हात धरले. आय तिच्या तोंडाकडे, मग गळ्याकडे बघत होती. खुर्चीवर बसवल्यावरही बघतच राहिली. पॉलीन पिशवीतून पडदे काढायला लागली, कारण हातांना काहीतरी हवं होतं.

"ही थेरेसा नाय," आय म्हणाली. "ही मोठी. पॉलीन. थेरेसा नाय आता."

खोर्शेदनं पॉलीनकडे पाहिलं. पॉलीननं खाली बघितलं. खोर्शेदला वाटलं असावं की अलीकडचं काही असेल, दोन वर्षांपूर्वीचं, पाच. तिनं हळू आवाजात विचारलं, केव्हा गेली? मग स्वतःच पुढं म्हणाली, की मला तर मदरनं सांगितलं होतं, ती घरी गेली.

"आली," आय म्हणाली. "घरीच आली ती."

त्यानंतर त्या खोलीत जे झालं ते पॉलीनला नीट कधी सांगता आलं नाही, आग्नेलोलाही नाही. खोर्शेदचा हात स्वतःच्या गळ्याकडे गेला आणि तिथंच राहिला. तिचं तोंड हळूहळू म्हातारं झालं. म्हणजे ते म्हातारंच होतं, पण आतापर्यंत त्याच्या आत कुणीतरी मान वर करून उभं होतं, ते खाली बसलं. ती काहीतरी इंग्रजीत म्हणाली, मग गुजरातीत. पॉलीनला वाटलं होतं की या क्षणी आपल्याला बरं वाटेल. तसं काही झालं नाही. दोन म्हाताऱ्या बायका समोरासमोर बसल्या होत्या, आणि जिच्यावर रागवायचं ती पांढऱ्या झग्यातली बाई कुठल्यातरी थंड देशात, कुठल्यातरी स्वच्छ दफनभूमीत केव्हाच निजलेली होती.

खोर्शेद रडायला लागली तेव्हा आयनं हात वर करून तिला थांबवलं. मायेनं नव्हे, वेळ थोडा असताना माणूस दुसऱ्याला थांबवतो तसं. "तू पोर व्हतीस," ती म्हणाली. "ते ऱ्हाऊ दे. माज्यासंगं ती बोललीच नाय. घरी आली तवा गळा मिटला व्हता. तीन दिस नुसती डोळ्यांनी बघायची. तुज्यासंगं बोलली ना? काय बोलायची ती मला सांग."

म्हणून खोर्शेदनं सांगायला सुरुवात केली. आधी तुटक, नाक पुसत. थेरेसा तिला मराठी शिकवायची. कावळ्याला काय म्हणतात, जिन्याला काय म्हणतात. आजारी खोलीच्या खिडकीतून धोबीखान्याची पत्र्याची शेड दिसायची, तिच्यावर बसलेल्या कावळ्यांना तिनं सिस्टरांची नावं ठेवली होती. एक लंगडा होता, तो मदर. आय ऐकत होती. ते ऐकून ती हसली, आणि पॉलीनला आठवलं नाही की आपण आयला तसं शेवटचं केव्हा हसताना पाहिलं होतं. आनि, आय म्हणाली. थेरेसा म्हणायची, तू बरी झालीस की तुला आमच्या घरी नेईन. आमची माय नाताळाला फुगे तळते, कढईत टाकले की आपोआप गोल होतात. ते पिठाचे गोळे असतात हे खोर्शेदला कळलं नव्हतं; कढईत रंगीत फुगे उडताना तिला दिसायचे. आनि? ती म्हणायची, तुझ्या झग्याची कॉलर माझ्या बहिणीनं शिवलीय, तिची टीप मला लगेच कळते, मुंगीसारखी बारीक असते. पॉलीन तेव्हा स्टुलावर चढली होती. तिनं कडी दांडीत ओवली आणि दुसरी कडी बराच वेळ तिला सापडली नाही. दप्तर उलटं करून घेताना ओठ मिटून उभी असलेली धाकटी तिला दिसत होती, आणि त्याच धाकटीनं पॉलीनबद्दल एवढं काही वर त्या खोलीत बोलून ठेवलं होतं.

आनि, आय म्हणत होती. चहा निवून गेला. उन्हाची तिरीप जमिनीवरून भिंतीवर चढली. खोर्शेद आठवत होती, डोळे मिटून, कपाळाला हात लावून. तिला डास फार चावायचे. तिला पियानो ऐकायला आवडायचा, खालून आवाज आला की ती चादरी हातात घेऊन तशीच उभी राहायची. तिच्या डाव्या गुडघ्याला खरचटलेलं होतं. मग ती थांबली. पेला, चादर, कावळे, हे सगळं सांगून झालं होतं, नऊ वर्षांच्या मुलीनं काही दिवसांत बोललेलं असं ते किती असणार. आय मात्र पुढं वाकून, हात मांडीवर ठेवून बसली होती, आणि तिचा चेहरा असा उघडा होता की त्यापुढं आठवत नाही असं म्हणणं शक्य नव्हतं. खोर्शेदनं एकदा खिडकीकडे पाहिलं. मग म्हणाली, आणि ती तिच्या बाबाच्या गोष्टी सांगायची. संध्याकाळी बाबा तिला खांद्यावर बसवून चौपाटीला न्यायचे. पाण्यापर्यंत. ती म्हणायची, वरून समुद्र फार मोठा दिसतो.

पॉलीन स्टुलावर वळली. थेरेसा पोटात होती तेव्हाच कास्मीर, त्यांचा बाप, रे रोडच्या लाकडाच्या वखारीत ओंडक्याखाली सापडून गेला होता. थेरेसानं त्याला पाहिलंच नव्हतं, आणि घरात त्याचा साधा फोटोही नव्हता. तिनं बोलायला तोंड उघडलं. आयनं तिच्याकडे पाहिलं नाही. फक्त मांडीवरचा हात उचलून, बोटं किंचित पसरून, तिच्या दिशेनं धरला, आणि पॉलीन गप्प झाली.

"आनि?" आय म्हणाली.